चालत आलात की उचलून आणलं?

संपादकांनी या महिन्यात पाठवलेल्या गठ्ठ्यात गुडघेदुखी, शुगर, केसगळती हे नेहमीचं होतंच. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात देते. तीन पत्रं मात्र एकाच प्रश्नाची निघाली: गाठ पसरून मणक्यात, मज्जारज्जूपाशी गेली आहे, आता पेशंट किती दिवस काढणार? कॅन्सरच्या किरणोपचार विभागात माझी एकतीस वर्षं गेली. आपल्याकडचे पेशंट किरणोपचाराला ‘लाईट देणं’ म्हणतात, मीही इथे तेच म्हणणार आहे.

पत्र पहिलं

*डॉक्टरबाई, आम्ही जिंतूर तालुक्यातले. आई ५८ वर्षांची. पाच वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, लाईट सगळं झालं. पुढची रोजची गोळी दोन वर्षांपूर्वी बंद केली, बरं वाटायलं होतं म्हणून. दिवाळीपासून पाठ दुखायली. मालीश केली, पट्टा लावला. आता दहा दिवसांपासून पायात जोर राहिना. परभणीत एमआरआय काढला. छातीच्या आठव्या मणक्यात गाठ आहे, मज्जारज्जूवर दाब आलाय म्हणे. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘सहा महिने. घरी घेऊन जा.’ खरंच सहाच महिने का? पुढं न्यावं, का पैसा वाया जाईल?*

दादा, तुमचं पत्र अंक निघेपर्यंत ठेवण्यासारखं नव्हतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर आलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. आता तुमच्या परवानगीने बाकीच्यांसाठी लिहिते.

फोनवर मी पहिल्यांदा गाठ केवढी आहे ते विचारलं नाही. विचारलं, आई आज स्वतःच्या पायाने संडासला गेल्या का? तुम्ही म्हणालात, “धरून धरून जाती. चप्पल पायातून निघून जायली तरी तिला कळंना.” लघवीची भावना आहे का? “आहे.” मग मी म्हटलं, उद्याचा दिवस उजाडायची वाट बघू नका, आज रात्रीच निघा.

ही चप्पल ध्यानात ठेवा. ओपीडीत मी पेशंटच्या तोंडाकडे बघायच्या आधी दारातून आत येताना त्याच्या पायांकडे बघायचे. एक चप्पल उंबऱ्याशी राहिलेली आणि माणूस एका अनवाणी पायाने टेबलापर्यंत आलेला, त्याला पत्ताच नाही, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. याच्या जोडीला छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं होणं, आडवं पडल्यावर वाढणारं आणि रात्री झोपेतून उठवणारं पाठीचं दुखणं. ज्याला पूर्वी कधी कॅन्सर होऊन गेला आहे अशा माणसाची पाठ अशी दुखू लागली, तर मालीश नको, मणका ‘बसवणारा’ तर मुळीच नको. साध्या एक्स-रेवरही थांबू नका. हाडाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग पोखरला जाईपर्यंत एक्स-रे चांगलाच दिसतो. पूर्ण कण्याचा एमआरआय लागतो, कारण गाठी बऱ्याचदा एकाहून जास्त मणक्यांत असतात.

मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड. छातीच्या भागात त्याच्या भोवतीची हाडांची नळी सगळ्यात अरुंद, आणि पसरलेल्या गाठी दहापैकी सहा-सात वेळा तिथेच सापडतात. स्तन, फुप्फुस आणि प्रोस्टेट हे तिथे येणारे मुख्य तीन कॅन्सर. गाठ दाबायला लागली की आधी शिरांतलं रक्त तुंबतं आणि मज्जारज्जूला सूज येते. या टप्प्यावर उपचार मिळाला तर पाय परत येतात. पुढे रक्तपुरवठाच तुटला की मज्जारज्जूचा तेवढा तुकडा मरतो, मग गाठ विरघळवली तरी पाय हलत नाहीत. सुजेपासून तिथपर्यंतचं अंतर कधी आठवड्यांचं असतं, कधी एका रात्रीचं. म्हणून डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, जे तालुक्याच्या दवाखान्यातही असतं, ते संशय आल्याबरोबर देतात. त्याने गाठ मरत नाही, सूज उतरते आणि थोडा वेळ हाताशी येतो. शुगर असेल तर ती चढते, तेवढं सांगून ठेवा.

आता तुमचे ‘सहा महिने’. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. मज्जारज्जू दबलेल्या सगळ्या कॅन्सर रुग्णांना एका रांगेत उभं केलं तर निम्मी रांग साधारण ३ ते ६ महिन्यांत संपते. पण त्या रांगेत कोण कोण उभं आहे? फुप्फुसाचा कॅन्सर सगळीकडे पसरलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस आहे. आणि तुमच्या आईसारखी, फक्त हाडात पसरलेली, हार्मोनच्या गोळीला दाद देणारी बाईही आहे. आपल्याकडे हवामान खात्याच्या कागदावर तालुक्यात सरासरीइतका पाऊस पडलेला असतो, आणि त्याच तालुक्यात एका मंडळात सोयाबीन वाळतं, दुसऱ्यात बांध वाहून जातो. तुमच्या शिवारात काय होणार हे विचारायचं असेल तर शिवार बघावं लागतं.

मी तीन गोष्टी बघते. मूळ गाठ कुठली, बाकी शरीरात काय काय आहे, आणि उपचार सुरू झाला त्या दिवशी पेशंट चालत होता का. मूळ गाठ स्तनाची, प्रोस्टेटची किंवा मायलोमा (हाडाच्या मज्जेतल्या पेशींचा कॅन्सर) असेल तर वर्षं मिळू शकतात. फुप्फुसाची असेल तर सहसा महिने. अलीकडे तपासणीत ठरावीक जनुकदोष सापडला तर गोळ्यांवर काही जणांचं तेही चित्र बदललं आहे. जपानी सर्जन तोकुहाशी यांनी याच गोष्टींना गुण देऊन एक तक्ता बनवला, २००५ मध्ये त्यात सुधारणा केली. १५ पैकी १२ किंवा जास्त गुण पडले तर वर्षाच्या वर, ८ किंवा कमी पडले तर सहा महिन्यांच्या आत, असा त्याचा अंदाज. तक्ता चुकतोही, कारण नवी औषधं त्यात नाहीत. तरी ‘घरी घेऊन जा’ म्हणण्याआधी निदान तेवढी बेरीज तरी करावी, असं माझं मत आहे.

चालण्याचं महत्त्व एका अभ्यासावरून सांगते. २००५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, १०१ रुग्णांचा. निम्म्यांना नुसती लाईट दिली, निम्म्यांची आधी ऑपरेशन करून गाठ काढली, मणक्याला आधार दिला आणि मग लाईट दिली. ऑपरेशनवाल्यांत ८४ टक्के चालू शकले, नुसत्या लाईटवाल्यांत ५७ टक्के. चालणं टिकलं ते ऑपरेशनवाल्यांत १२२ दिवस, नुसत्या लाईटवाल्यांत १३. मात्र दोन दिवसांच्या वर पाय पूर्ण गेलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. म्हणजे ऑपरेशन सगळ्यांसाठी नसतं. दाब एकाच ठिकाणी हवा, तब्येत भूल सोसणारी हवी आणि पुढे निदान तीन-चार महिने तरी आयुष्य दिसायला हवं. मायलोमा, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) लाईटनेच लवकर विरघळतात, तिथे सर्जनची गरज सहसा पडत नाही.

वाया पैशाबद्दल. सरकारी कॅन्सर हॉस्पिटल छत्रपती संभाजीनगरला आहे, लातूर-धाराशिवकडच्यांना बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घरी विसरून येणाऱ्यांना मी इतकी वर्षं रागावले, आता छापूनच सांगते, ते पेशंटच्या उशाला बांधा. मुंबईला जायची वेळ आलीच तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

आणि आईंना एसटीत बसवून नेऊ नका, हेही मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. मणका पोखरलेला असतो, खड्ड्यात एक दणका बसला की तो चेपतो. गाडीत सपाट फळी, वर गोधडी. उचलायला चार माणसं. एक डोक्या-खांद्याशी, दोन कंबरेशी, एक पायांशी. खालची चादर घट्ट गुंडाळून धरायची, एकाने ‘चला’ म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम, माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा एकसंध वळला पाहिजे. खांदे आधी आणि कंबर मागून, असं झालं की घात.

तुम्ही पहाटे पोहोचलात. लाईट पाच दिवस झाली. (वाचकांपैकी कुणाला एकाच दिवशी लाईट देऊन घरी पाठवलं असेल तर फसवलं असं समजू नका. २०१९ मध्ये ६८६ रुग्णांचा अभ्यास आला. एकदाच दिलेल्यांत आठ आठवड्यांनी ६९.३ टक्के चालत होते, पाच दिवसवाल्यांत ७२.७ टक्के. ज्याच्याकडे दिवस थोडे आहेत आणि गाव लांब आहे त्याला एक दिवसाची लाईट बरी पडते.) परवा तुमचा निरोप आला की आई काठी घेऊन न्हाणीपर्यंत जातात. बंद केलेल्या गोळीबद्दल मी रागावणार नाही, तुम्ही स्वतःला पुरेसं खाल्लं आहे. पण दुसऱ्या कुणी ती गोळी बरं वाटतंय म्हणून सोडू नये, ती पाच ते दहा वर्षांची असते. आता पुन्हा बायोप्सी करून हार्मोनची तपासणी करायला सांगा. हार्मोनवर पोसणारा आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) नसलेला पसरलेला स्तनाचा कॅन्सर असेल तर लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळीसोबत रायबोसिक्लिब ही गोळी दिलेल्या बायकांमध्ये निम्म्या ६३.९ महिन्यांपुढे जगल्याचं २०२२ मध्ये छापून आलं आहे. त्या सगळ्या तुमच्या आईइतक्या आजारी नव्हत्या, म्हणून तो आकडा तसाच त्यांच्या कपाळी लिहू नका. सहा महिनेही लिहू नका.

एक माझं सांगते. माझे मामा केज तालुक्यात राहायचे. मी तेव्हा नवी डॉक्टर, शहरात नोकरीला. गावच्या पोस्टातून त्यांचा ट्रंक कॉल आला, “बाई, कंबर धरलीय, रात्री झोप येईना.” मी म्हटलं, मामा, नांगरटीचे दिवस आहेत, विश्रांती घ्या, गोळी पाठवते. तीन आठवड्यांनी त्यांना बाजेवर घालून आणलं. प्रोस्टेट होतं. उपचाराला शरीराने दाद दिली, दुखणं थांबलं, पण पाय परत आले नाहीत. त्या बाजेवर ते चौदा महिने जगले. मामी दर दोन तासांनी कूस बदलायच्या, रात्रीसुद्धा, घड्याळ नव्हतं तर कोंबड्यावर आणि एसटीच्या आवाजावर. ‘किती दिवस’ म्हणून कुणी विचारलं की मला ते चौदा महिने आठवतात, आणि ट्रंक कॉलवरची ती तीन मिनिटं.

पत्र दुसरं

*मॅडम, मी उदगीरची, बी.एस्सी.ला आहे. माझ्या भावाचं (वय २३) कंबरेतल्या मज्जारज्जूच्या गाठीचं ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ‘मिक्सोपॅपिलरी एपेंडायमोमा’ आहे. नंतरच्या एमआरआयमध्ये खाली दोन बारीक ठिपके दिसले, ‘पसरलेला’ असं लिहिलंय. मोबाईलवर वाचलं की मणक्यात पसरलेला कॅन्सर म्हणजे चौथी स्टेज आणि काही महिने. घरी मी कुणालाच बोलले नाही.*

बाळा, आधी हे घरी सांगून टाक, कारण तू वाचलंस ते वेगळ्या आजाराचं आहे. वरच्या पत्रात गाठ बाहेरून मणक्यात आली. तुझ्या भावाची गाठ तिथलीच, मज्जारज्जूच्या शेपटाकडची. अशा गाठींना स्टेज एक ते चार लावतच नाहीत, ग्रेड लावतात, म्हणजे गाठ किती आक्रमक आहे त्याची पायरी.

पसरणंही निराळं. मेंदू आणि मज्जारज्जू पाण्यात बुडालेले असतात. ते पाणी एका वेळी साधारण १५० मिली असतं, आणि दिवसभरात नवं तयार होतं ५०० मिलीच्या आसपास, म्हणजे ते सारखं बदलत आणि फिरत असतं. गाठीवरून सुटलेल्या पेशी त्या पाण्यातून तळाशी उतरतात आणि रुजतात, पाटाच्या पाण्याबरोबर तणाचं बी खालच्या वाफ्यात जावं तशा. फुप्फुसात, यकृतात या गाठी क्वचितच जातात.

या गाठीच्या एकूण रुग्णांमध्ये दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जण हयात असतात. खाली ठिपके असलेल्यांना ती परत उगवण्याचा धोका जास्त, हे खरं. याच सवयीमुळे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची ग्रेड १ वरून २ केली. रिपोर्ट जुना-नवा असेल तर ग्रेडमध्ये फरक दिसेल, घाबरू नकोस. डॉक्टरांना विचारायचं ते हे: मेंदूपासून माकडहाडापर्यंत पूर्ण एमआरआय झाला का? गाठ अख्खी निघाली की तुकड्यांनी? ठिपक्यांना लाईट आत्ता द्यायची की बघत राहायचं? आणि मग एमआरआयच्या तारखा, वर्षानुवर्षं. ‘आता बरा झालाय’ म्हणून त्या सोडायच्या नाहीत. परत उगवण्याला दहा वर्षंही लागतात.

मज्जारज्जूच्या सगळ्याच गाठी अशा सज्जन नसतात हे लपवत नाही. तिथलाच ग्लायोब्लास्टोमा किंवा एच-थ्री जनुकदोषाचा ग्लायोमा (दोन्ही फार वेगाने वाढणाऱ्या गाठी) असेल तर सगळे उपचार करूनही बहुतेकांना वर्षाच्या आसपासच मिळतं. म्हणून बायोप्सीचा कागद वाचल्याशिवाय मी कुणालाच आकडा सांगत नाही, आणि तूही मोबाईलवर शोधताना त्या कागदावरचं पूर्ण नाव टाकूनच शोध.

पत्र तिसरं

*ताई, आम्ही अंबड तालुक्यातले. मालकाला फुप्फुसाचा कॅन्सर, मणक्यात आणि लिव्हरमध्ये गेलाय. पाच आठवड्यांपासून दोन्ही पाय गेले, लघवीची नळी आहे. लाईट देऊन झाली. दीर म्हणतात दोन एकर विकू आणि मुंबईला नेऊ. मालकाला आजाराचं नाव सांगितलेलं नाही. ते रोज विचारतात, ज्वारी कुठपर्यंत आली.*

ताई, तुम्हाला गोल गोल लिहिणार नाही. पाच आठवडे गेलेले पाय मुंबईतही परत येणार नाहीत. लिव्हर धरून जे दिसतंय त्यावरून दिवस आठवड्यांचे आहेत, फार तर दोन-तीन महिन्यांचे. जमीन विकू नका. दिरांना पटत नसेल तर सगळी फाईल घेऊन एकट्यांनाच मोठ्या हॉस्पिटलला पाठवा, पेशंटशिवाय फाईल दाखवून मत मिळतं. प्रवासात मालकांचे हाल होणार नाहीत.

आजाराचं नाव तुम्ही सांगू नका, त्यांना विचारू द्या. “तुम्हाला काय वाटतंय?” एवढं म्हणा आणि गप्प बसा. पाच आठवडे पाय न हललेला शेतकरी काहीच ओळखून नसेल असं मला वाटत नाही. त्यांना सातबाऱ्याचं, पीककर्जाचं, कुणाचं देणं-घेणं राहिलंय त्याचं बोलायचं असेल, तर ते बोलणं तुम्ही सगळे मिळून अडवून धरलंय.

दुखणं सोसायला लावू नका. मॉर्फिनच्या गोळ्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात मिळतात, २०१४ च्या कायद्यातल्या बदलानंतर परवान्याची कटकट कमी झाली आहे. ठरलेल्या वेळी घड्याळाप्रमाणे द्यायच्या, दुखलं की मग असं नाही. त्याच दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही सुरू करा, नाहीतर बद्धकोष्ठाने माणूस जास्त हैराण होतो. सवय लागेल म्हणून शेजारी घाबरवतील, त्यांना चहा पाजून पाठवा.

हवेची गादी भाड्याने मिळते, जालन्यात चौकशी करा. तरी दोन तासांनी कूस बदलायचीच. माकडहाड, टाचा, घोटे रोज उजेडात बघा. लाल झालेला भाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर तिथे वजन येऊ द्यायचं नाही, आणि चोळायचं तर अजिबात नाही. नळीची पिशवी कंबरेच्या खाली लटकती ठेवा, जमिनीला टेकू देऊ नका.

आणि बाज आतल्या खोलीत असेल तर ओसरीत आणा. चार माणसं, एक चादर, वर लिहिलंय तसं एकदम. उसं रानाकडे तोंड होईल असं लावा. पोरगा शेतातून येताना एक कणीस घेऊन येत जाईल, दाणा किती भरलाय ते हाताने बघू द्या त्यांना. हातांत अजून जोर आहे, तुम्हीच लिहिलंय.